लॉंच मॉनिटर सात महिने वापरला, २६० चे २१५ कसे झाले ते सांगतो

लॉंच मॉनिटर म्हणजे गोल्फचा बॉल किती वेगानं निघाला आणि किती लांब जाईल ते सांगणारं छोटं मशीन. ऑक्टोबरच्या शेवटी घेतला, आता मे संपत आलाय. घेतल्या घेतल्या लिहिणार होतो पण आमच्या धंद्यात नवीन गेज आलं की आधी वापरून बघतात मग त्याच्याबद्दल बोलतात, म्हणून थांबलो. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला क्वालिटीमध्ये आहे, दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, बोअर दहा मायक्रॉननं मोठं निघालं तरी जॉब बाजूला काढतो. आणि गोल्फ खेळायला लागून नऊ वर्षं झाली, त्या नऊ वर्षांत माझा ड्राइव्ह, म्हणजे होलच्या सुरुवातीचा लांब फटका, किती जातो ते एकदाही मोजलं नव्हतं. कुणी विचारलं तर २६० यार्ड. तो आकडा कुठून आला ते मला आठवत पण नाही, पण सांगताना मला तो खराच वाटायचा, खोटं बोलतोय असं कधी मनात आलं नाही.

मशीनचं नाव लिहीत नाही, या किमतीतली रडारवाली सगळी साधारण एकाच तत्त्वावर चालतात. हातात मावेल एवढी डबी, छोट्या ट्रायपॉडवर बॉलच्या मागं साधारण दोन मीटरवर ठेवायची, मोबाईलला जोडायची, बस. पोलिसांच्या स्पीड गनमध्ये असतं तेच डॉप्लर रडार. क्लबहेडचा, म्हणजे काठीच्या डोक्याचा स्पीड, बॉलचा स्पीड, कुठल्या कोनात निघाला हे ते बघतं, आणि पुढं बॉल कुठं पडेल ते ॲप हिशोब करून सांगतं. हे नीट समजून घ्या, बॉल पडला ती जागा त्यानं बघितलेली नसते, काढलेली असते. म्हणून सेटिंग महत्त्वाचं. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, हवा थोडी विरळ, बॉल त्यामुळं दोन-तीन टक्के जास्त जातो, आणि माझ्या ॲपमध्ये पहिले दहा दिवस उंची शून्य ठेवलेली होती. ती दुरुस्त केल्यावर पाचेक यार्ड वाढले. गोव्याला जाऊन खेळणार असाल तर तेवढेच परत कमी धरा.

आता गेज आलं की पहिलं काम त्याचं कॅलिब्रेशन. येळ्ळूरच्या बाजूला माझ्या मावसभावाचं भाताचं रान आहे, नोव्हेंबरात कापणी झाली आणि जमीन अजून ओलसर होती, तेव्हा विचारून तिथं मारले. ओल्या जमिनीचा फायदा असा की बॉल जिथं पडतो तिथं खळगा दिसतो, म्हणजे कॅरी, हवेतून गेलेलं अंतर, किती आणि नंतर घरंगळला किती हे वेगळं वेगळं मोजता येतं. फक्की मारून सरळ रेघ काढली, ५० मीटरचा टेप घेतला, पुतण्या पुढं उभा, अर्थात बाजूला आणि लांब, आणि ३० बॉल मारले. मावसभाऊ बांधावर बसून बघत होता, तो म्हणाला, "टेप कशाला रे ओढायलायस, गुंठ्याची बाजू तेहतीस फूट असती, अकरा यार्ड, गुंठे मोज की." खरंच सोपं आहे ते. असे वीस गुंठे एका रेषेत धरले की २२० यार्ड होतात, आणि २२० यार्ड म्हणजे बरोबर एक फर्लांग. आमचे आजोबा अंतर सांगताना फर्लांगातच सांगायचे, शाळा तीन फर्लांग, विहीर एक फर्लांग. क्रिकेटवाल्यांनी दहा पिच एकापुढं एक ठेवून बघावेत. ते अंतर चालून जा एकदा, मग २८० म्हणताना तोंड आपोआप हळू होतं.

त्या ३० पैकी २४ बॉलचं कॅरी टेपच्या पाच यार्डाच्या आत आलं, चार त्याच्या थोडे बाहेर होते, आणि दोन पार चुकीचे, एक तर त्यानं बॉलच पकडला नाही आणि भलताच आकडा दाखवला. मी समाधानी आहे. या किमतीत एवढं टॉलरन्स पुष्कळ झालं.

माझे आकडे. सात महिन्यांत ड्राइव्हरचे, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचे, सहाशेच्या वर शॉट सेव्ह आहेत. क्लबहेड स्पीड साधारण ताशी ९१ मैल, बॉल स्पीड १३०, कॅरी सरासरी १९६, रोल धरून २१५. सगळ्यात लांब गेलेला २४८, उतारावर, पाठीमागून वारा, मार्चमधली टणक जमीन. तो माझ्या अजून डोळ्यासमोर आहे, कुठं पडला, कोण काय म्हणालं, सगळं. बाकीच्या सहाशेमधले दहा पण आठवत नाहीत. माझा २६० इथूनच आला असणार. शॉपमध्ये शंभरात एक जॉब आरशासारखा निघाला म्हणून मशीन चांगली म्हणत नाही आपण, शंभर जॉबचा पसारा बघतो. ड्राइव्हला मात्र सगळेजण त्या एका जॉबचंच रीडिंग सांगतात.

आणि २१५ हा काही वाईट आकडा नाही हे सांगायलाच मुख्य हे लिहायला घेतलं. ट्रॅकमन या मोठी रडार बनवणाऱ्या कंपनीनं साधारण १४-१५ हँडिकॅपच्या (म्हणजे पारपेक्षा साधारण तेवढे फटके जास्त लागणाऱ्या) पुरुष हौशी खेळाडूचे जे आकडे दिलेत ते क्लबहेड ९३, कॅरी २०४, एकूण २१४ असे आहेत. पीजीए टूरवरचे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धांतले, लोक आज सरासरी ३०० च्या आसपास मारतात, ते पण गेल्या काही वर्षांतलं, १९८० ला टूरची सरासरी २५६-२५७ च होती आणि सीझनची सरासरी ३०० च्या वर नेणारा पहिला माणूस जॉन डेली, १९९७ ला. म्हणजे आपण शनिवारी चहा पिताना जो २६० सहज म्हणतो तो १९८० च्या टूरवाल्याचा आकडा आहे, ज्यांचं पोटच त्या खेळावर होतं. ट्रॅकमनच्याच काही वर्षांपूर्वीच्या आकड्यांत एलपीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक टूरवरच्या, बायका ९४ च्या स्पीडनं, म्हणजे जवळजवळ आपल्याच स्पीडनं, २१८ कॅरी काढायच्या, कारण त्या बॉल क्लबच्या मध्यावर आणि चढत्या स्विंगनं घेतात. यावर मी खूप विचार केला. बॉल स्पीड भागिले क्लब स्पीड याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, ड्राइव्हरला १.५ च्या आसपास कमाल. माझा सुरुवातीला १.३७ ते १.४८ असा कुठंही फिरायचा. ९१ च्याच स्पीडला १.३८ आणि १.४८ मध्ये नऊ मैलांचा फरक, आणि बॉल स्पीडचा एक मैल म्हणजे साधारण दोन यार्ड, म्हणजे अठरा यार्ड नुसते मध्यावर लागला की टोकाला लागला यात जातात. जोर वाढवून अठरा यार्ड मिळवायला या वयात जिमला जाऊन पण वर्ष लागेल.

जानेवारीत एका रविवारी आमच्या ग्रुपनं सगळ्यांनी मारून बघायचं ठरवलं. मारायच्या आधी प्रत्येकानं आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, मग दहा बॉल, त्यातला सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात आखूड काढून बाकी आठांची सरासरी. तात्यांनी २८० लिहिलं होतं, आलं २०९. डॉक्टरांनी २५०, आलं २१२. एक जण ३०० म्हणाला होता, त्याचे २३१ आले, आणि २३१ म्हणजे आमच्यात खरंच लांब, पण बिचारा दिवसभर उदास होता, मला त्याचं फार वाईट वाटलं. बरोबर आकडा एकाच माणसाचा निघाला, सुभेदारसाहेब, मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर, त्यांनी १९० लिहिलं आणि १८८ आले. मी विचारलं, "साहेब, कसं काय ओळखलंत?" म्हणाले, "मी बॉलपर्यंत मोजत जातो की. तीस इंची पाऊल, वीस वर्षं झाली." परेडचं पाऊल तीस इंचाचं असतं आणि ते त्यांच्या पायात बसलंय. बाकी आम्ही सगळे बोलत बोलत बॉलपर्यंत जात होतो.

आमच्या कॅडीला, म्हणजे पिशवी उचलून बरोबर येणाऱ्याला, पण सगळं माहीत होतं हे नंतर कळलं. एका होलवर नाला आहे, टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, कॅरी २०५ लागतो, मी नऊ वर्षं ड्राइव्हर काढायचो आणि तो मागून म्हणायचा "हिंद ऐत्रि", म्हणजे मागंच आहे सर, नाल्याच्या अलीकडं नाहीतर नाल्यात. मला वाटायचं आज नीट लागला नाही म्हणून. नीट लागलेलाच १९६ आहे हे आता कळलं. फेब्रुवारीपासून तिथं हायब्रीडनं, म्हणजे ड्राइव्हरपेक्षा आखूड क्लबनं, १७० मारतो, पुढं नाल्यावरून ९ नंबरच्या क्लबनं, आणि तेव्हापासून त्या होलवर सात फटक्यांच्या खाली येतोय हे स्कोअरकार्डवर आहे. माझ्यासाठी मशीनची किंमत इथं वसूल झाली.

जमिनीबद्दल थोडं, कारण आपल्याकडं हा मोठाच घोळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये जमीन विटेसारखी होते, मला ३५-४० यार्ड रोल मिळालाय. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वळीव झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी रोल ९ यार्ड. कॅरी तेवढंच. आणि जून ते सप्टेंबर तर बॉल जिथं पडतो तिथंच रुततो, सापडला तर नशीब. एप्रिलचा आकडा आपण वर्षभर सांगत फिरतो. म्हणून आता आमच्यात कुणी आकडा टाकला की बाकीचे विचारतात, कॅरी का टोटल, आणि कुठला महिना.

रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, सवयीबद्दल लिहायलाच पाहिजे. कामानं बेंगळुरूला गेलो की रेंजवर जातो. माझी सवय अशी होती की बॉलची बादली घेतली, वेजचे (जवळच्या फटक्यांच्या क्लबचे) दोन शॉट, मग ड्राइव्हर, मग शंभर बॉल संपेपर्यंत ड्राइव्हर, बॉल संपला की लगेच दुसरा, ४० मिनिटांत मोकळा. आजूबाजूला पण सगळे तेच करत असतात. मशीन लावल्यावर दिसलं की पहिले पंधरा बॉल अंग मोकळं होण्यात जातात, पंचेचाळीसपर्यंत चांगले, साठच्या पुढं क्लब स्पीड तेवढाच पण स्मॅश १.३९ वर येतो, म्हणजे हात दमलेले आणि मी चुकीचा स्विंग पाठ करत बसलेलो. मॅटवर आणखी एक फसवणूक होते, क्लब बॉलच्या मागं लागला तरी मॅटवरून घसरून पुढं जातो आणि शॉट बरा वाटतो, तोच गवतावर मारला तर ढेकूळ उडतं. आणि रेंजचे बॉल कडक, झिजलेले, काही ठिकाणी मुद्दाम कमी जाणारे, त्यांच्यावरून आपला आकडा ठरवू नका, कमी पण नाही आणि जास्त पण नाही. लांबीचे बोर्ड कुठल्या जागेवरून मोजलेत ते पण विचारा.

आता मी चाळीसच मारतो. दर तीन बॉलला क्लब बदलतो, मध्ये अर्धा मिनिट थांबतो, मागं जाऊन टार्गेट बघून परत येतो, कोर्सवर करतो तसंच. खाली रेघेसाठी शॉपमधली सहा एमएमची सळई ठेवतो, कारण माझे खांदे उजवीकडं बघत असतात हे मला कळतच नव्हतं. पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे क्लबच्या तोंडावर मारला की बॉल कुठं लागला तो डाग दिसतो, मशीनच्या आकड्याशेजारी तो डाग बघणं हा सगळ्यात चांगला मास्तर आहे. सात महिन्यांत माझा स्पीड एक मैल पण वाढलेला नाही, पण स्मॅश १.४३ वरून १.४५-१.४६ वर स्थिर झालाय आणि आखूड बॉल कमी झालेत. माझ्या दृष्टीनं हे खरं काम.

तक्रारी पण आहेत. ॲपमधल्या अर्ध्या गोष्टींना दरवर्षी पैसे मागतात, घेताना दुकानदारानं हे सांगितलं नव्हतं. एप्रिलच्या उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, स्क्रीन दिसत नाही, मी खोक्याची सावली करून ठेवतो. स्पिनच्या, म्हणजे बॉल किती फिरतो त्याच्या, आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, विशेषतः बॉल ओला असला तर, तो मोजलेला कमी आणि अंदाज जास्त वाटतो. डबी जरा तिरकी बसली तर सगळे बॉल डावीकडं गेल्याचं दाखवते, त्यामुळं ठेवायला पाच मिनिटं द्यावी लागतात. घराच्या टेरेसवर नेटमध्ये मारून बघितलं, पुढं बॉलला उडायला जागा कमी पडते आणि आकडे उड्या मारतात, त्यासाठी घेणार असाल तर आधी जागा मोजा. चार्जिंगच्या पोर्टमध्ये तांबडी धूळ बसते, टोपण बसवूनच पिशवीत टाका.

घ्यावा का तर, पन्नास-साठ हजार एकट्यानं घालण्यापेक्षा चौघांनी मिळून घ्या, आम्ही आता तसंच केलंय, तात्यांनी आणि डॉक्टरांनी वाटा दिला आणि आठवड्याला एकाकडं राहतो. तेवढं पण नको असेल तर सुभेदारसाहेबांचं करा, आपलं पाऊल किती इंच आहे ते एकदा टेपनं मोजा आणि पुढच्या दहा ड्राइव्हपर्यंत न बोलता चालत जा. तात्यांची २८० ची चिठ्ठी डबीच्या पिशवीतच आहे, त्यांनीच ठेवायला सांगितली. परवा त्यांचे आठांचे सरासरी २१७ आले. पाऊस लागला की ओल्या जमिनीवरचे सगळ्यांचे कॅरी घेणार आहे, सप्टेंबरनंतर इथंच टाकतो.