दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी: पुठ्ठ्याची पुस्तकं, पातळ पुस्तकं की मोबाईल?

मूल वर्षाचं झालं की हाताला लागेल त्या पुस्तकावर झडप घालतं, आणि घरात चर्चा सुरू होते: याच्यासाठी नेमकं घ्यायचं काय?

जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांची मोठी जमेची बाजू म्हणजे ती मुलाच्या हातात बिनधास्त सोडता येतात. पातळ पान एकेक सुटं करून उलटणं बहुतेक मुलांना अडीच वर्षांच्या सुमारास जमतं. तोवर तीन-चार पानं एकदम उलटतात किंवा फाटतात. पुठ्ठ्याचं पान मात्र वर्षाच्या मुलालाही उलटता येतं. लाळ पुसता येते, कोपरे चावले तरी चालतं. उणी बाजू म्हणजे किंमत जास्त, पानं मोजकी आणि मराठीत निवड फारच थोडी. बरीचशी इंग्रजी, तीही फळं-भाज्या-गाड्यांची नुसती चित्रं. गोष्ट नसतेच. अर्थात मजकूर इंग्रजी असला तरी बोलायचं आपण मराठीतच.

गोष्ट मिळते ती पातळ पुस्तकांत. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं पाहा. पुठ्ठ्याच्या एका पुस्तकाच्या पैशात यातली दोन-तीन सहज येतात. फाटतात, खरंय. पण ही पुस्तकं मांडीवर घेऊन वाचायची, आणि माझं झुकतं माप यांनाच आहे. मूल चित्रावर बोट ठेवून म्हणतं, "काऊ!" आपण म्हणायचं, "हो, काऊ बसलाय. कुठे बसलाय?" आणि थांबायचं. पान पुढे ढकलायची घाई करायची नाही. "झाल!" असं काहीतरी येतं. मग आपण म्हणायचं, "झाडावर बसलाय, उंच झाडावर." अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच, प्रश्न विचारत आणि मुलाचं उत्तर वाढवत, वाचायला शिकवलं. दुसऱ्या गटातले पालक नेहमीसारखंच वाचत राहिले. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेली, आणि वाचून तर दोन्ही गटांना दाखवलं जात होतं! आजी-आजोबांना हे न शिकवताच छान जमतं, तेव्हा पुस्तक त्यांच्याही हाती द्या.

मोबाईलचं काय? प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर 2015 पासून मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं फुकट आहेत. परदेशात, मराठी पुस्तकांच्या दुकानापासून लांब राहणाऱ्यांना हा मोठाच आधार. तरी दीड वर्षाच्या मुलाच्या हातात फोन देऊ नका. मूल पडद्यावर बोट फिरवत सुटतं, गोष्ट बाजूला राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बसून स्क्रीन बघायला लावू नये, असं स्पष्ट म्हटलंय. बसल्या वेळात मोठ्यांनी वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात, हेही त्यातच आहे. यावर उपाय सोपा: आवडलेलं पुस्तक डाउनलोड करायचं, झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढायची आणि शिवून घ्यायची. पिना नकोत, त्या तोंडात जातात.

दीड वर्षाच्या आत असेल तर पुठ्ठ्याची दोन-तीन पुस्तकं पुरेत. ती खेळण्यांतच राहू द्या. उरलेले पैसे पातळ मराठी पुस्तकांवर घाला. तेच पुस्तक रोज "पुन्हा, पुन्हा" म्हणत पुढे केलं, तर कंटाळा न करता तेच वाचा. नवं आणायची घाई नको.