छापता येणारी थर्मोइलेक्ट्रिक शाई : 100 मिलीच्या बाटलीचा अनुभव

पदवीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी आम्ही एप्रिलमध्ये एका रसायनविक्रेत्याकडून पेडॉट-पीएसएस या विद्युतवाहक पॉलिमरची, पाण्यात विखुरलेली, 100 मिलीची बाटली मागवली. एक टोक तापवले की दोन टोकांमध्ये व्होल्टेज देणाऱ्या, म्हणजेच थर्मोइलेक्ट्रिक, पट्ट्या या शाईने छापता येतात आणि त्यासाठी भट्टी लागत नाही, एवढ्याच कारणासाठी ती घेतली. एरवी तेवढ्या पैशांत पंचवीस तयार पेल्टिअर मॉड्यूल, म्हणजे तापमानाच्या फरकावर वीज देणाऱ्या बाजारातल्या चकत्या, सहज आली असती.

विक्रेत्याची सेवा निराशाजनक होती. लेबलवर थंड ठेवण्याची, पण गोठू न देण्याची स्पष्ट सूचना असूनही बाटली बर्फाच्या पिशवीशिवाय कुरिअरमध्ये तीन दिवस फिरली आणि तळाशी गुठळ्या घेऊन आली. 0.45 मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर दोनदा तुंबला, तेव्हा कुठे शाई वापरण्याजोगी झाली.

छपाईसाठी लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या स्क्रीन प्रिंटरकडे गेलो. त्यांनी शाई स्क्वीजीपुढे ओतली आणि म्हणाले, "सर, हे तर सरबत आहे." ती खरोखरच फार पातळ असते, म्हणून मंद आचेवर ढवळत पाणी उडवून ती दाट करावी लागली. शिवाय ती पाण्यातली आणि आम्लधर्मी असल्यामुळे तेलाच्या शाईसाठी केलेल्या स्क्रीनचे इमल्शन, म्हणजे जाळीवरचा नक्षी ठरवणारा थर, तिसऱ्याच छापाला सुटू लागले. ही चूक आमचीच. पाणी सोसणारे इमल्शन आधीच मागायला हवे होते.

ऊर्जेच्या हिशेबात मात्र शाईने निराश केले नाही. नेहमीच्या मॉड्यूलमधील बिस्मथ टेल्युराइड सुमारे 585 अंश सेल्सिअसला वितळते. ते वितळवून कांड्या घडवायच्या, मग त्या कापायच्या, आणि कापताना महागडे टेल्युरियम भुशात घालवायचे, असा तो उद्योग आहे. आमच्या पट्ट्या, वाहकता वाढवण्यासाठी 5 टक्के डीएमएसओ हे द्रावक मिसळून, पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर 130 अंशांना 20 मिनिटांत वाळल्या. 600 वॅटची हॉटप्लेट सगळा वेळ पूर्ण ताकदीने चालली असे धरले, तरी खर्च 0.2 युनिटच्या वर जात नाही.

मिळकत तितकीच बेताची आहे. पेडॉट-पीएसएसचा सीबेक गुणांक, म्हणजे तापमानाच्या दर अंश फरकामागे मिळणारे व्होल्टेज, साधारण 15 ते 20 मायक्रोव्होल्ट प्रति अंश, तर बिस्मथ टेल्युराइडचा 200 च्या आसपास असतो. चांदीच्या पेस्टने एकसर जोडलेल्या दहा पट्ट्यांनी 30 अंशांच्या फरकावर 4 मिलिव्होल्ट दिले. तेवढाच फरक 127 जोड्यांच्या पेल्टिअर मॉड्यूलच्या दोन्ही पृष्ठांमध्ये खरोखर राखला, तर ते एक व्होल्ट ओलांडते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये याच पॉलिमरमधील जादा पीएसएस, म्हणजे त्यातला वीज न वाहणारा घटक, काढून टाकून झेडटी हा गुणवत्तेचा निर्देशांक 0.42 वर नेला होता, परंतु बाटलीतून थेट छापलेल्या थराकडून तशी अपेक्षा धरू नये.

एलईडी पेटवायचा असेल, तर ही शाई घेऊ नका. वाकणारी, भट्टीविना केलेली पट्टी विद्यार्थ्यांच्या हातात द्यायची असेल, तर जरूर घ्या, फक्त मोजमाप सांभाळून करा. जुलैत त्याच पट्ट्यांनी अचानक 9 मिलिव्होल्ट दाखवले आणि मुले हरखली, पण आकडा थोड्याच वेळात उतरू लागला. पीएसएस हवेतील ओलावा शोषते आणि त्यातील आयनांमुळे व्होल्टेज काही काळ फुगते. तेव्हापासून आम्ही पट्ट्या रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो आणि आकडा स्थिरावल्याशिवाय वहीत लिहीत नाही.