यूएसबी मायक्रोस्कोप: अंडी बघायला झकास, पळणारी गांधीलमाशी बघायला नाही (५ पैकी साडेतीन)

बॉक्सवर १००० पट लिहिलंय ते आधी विसरा. लेन्सची खरी ताकद त्याच्या आसपासपण नाही, बाकीचं चित्र नुसतं स्क्रीनवर ताणलेलं आहे. पण मला हवा होता चतुर आणि टाचणी (चतुराचाच काडीसारखा बारीक भाऊबंद कीटक) यांच्या अंड्यांवर वाढणाऱ्या बारक्या परजीवी गांधीलमाश्या बघायला, ज्या १ मिमीपेक्षाही लहान असतात आणि नुसत्या डोळ्यांना धुळीचा कण वाटतात, आणि त्यातलं निम्मं काम हा खरंच छान करतो.

टाचणी पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी घालते. तो देठ पातळ कापून ओल्या टिश्यूवर, झाकणवाल्या पेट्री डिशमध्ये ठेवा, झाकण घट्टच हवं कारण या माश्या कुठल्याही फटीतून सटकतात. मायक्रोस्कोपचे स्वतःचे एलईडी मात्र बंद करा, ओल्या देठावर नुसती चकाकी मारतात. खालून टॉर्च लावला की अंडं आरपार दिसतं! धडधाकट अंड्यात काही दिवसांनी पिल्लाचे दोन काळे डोळे उमटतात. ज्या अंड्यात गांधीलमाशीने आपलं अंडं सोडलंय तिथे तिची अळी आतलं सगळं फस्त करते, तिथेच कोषात जाते आणि शेवटी माशी भोक कुरतडून बाहेर येते. ते भोक आणि त्यातून डोकावणारं डोकं, एकदम क्लिअर.

बाहेर आली की संपलं. व्हिडिओ अडखळतो, स्टँड डुगडुगतो, फोकस मिळेपर्यंत माशी फ्रेमबाहेर. थांबली तर मायमॅरिडी कुळातल्या माशीचे काडीसारखे पंख आणि कडेची लांब केसांची झालर कशीबशी दिसते. पण ट्रायकोग्रामा या दुसऱ्या बारक्या गांधीलमाशीच्या कुळातली आहे का हे ठरवायला पावलाचे तीन तुकडे मोजायचे म्हणाल तर जमणार नाही, जात ओळखायला चांगला कंपाउंड (प्रयोगशाळेतला, जास्त ताकदीचा) मायक्रोस्कोपच लागतो.

आणि हो, वॉटरप्रूफ नाहीये. काही जाती पाण्याखाली जाऊन अंडी शोधतात, प्रेस्टविचिया तर चक्क पायांनी पोहते, तर ते बघायला उथळ डिशमध्ये पाणी घेऊन वरूनच बघा, लेन्स पाण्यात बुडवायच्या भानगडीत पडू नका.

फोनला जोडला तर ॲप सारखं हँग होतं, लॅपटॉपवर बरा चालतो.