तीन डॉलरचा ग्रिसवोल्ड: गराज सेलमधल्या बिडाच्या पॅनचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी, पिट्सबर्गमधल्या आमच्याच वस्तीत, तीन गल्ल्या पलीकडच्या एका घराच्या ड्राइव्हवेवर, गराज सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या वस्तूंच्या दारातल्या विक्रीत, हा पॅन मिळाला. टेबलांवर कपबशा, ख्रिसमसचे दिवे, लहान मुलांचे बूट असं सगळं नीट मांडलेलं होतं. पॅन मात्र टेबलाखाली, गंजक्या खुरप्यांच्या खोक्यात पडला होता. आतून गंजलेला, बाहेरून जळक्या तेलाचा जाड थर चढलेला. उलटा करून अंगठ्यानं चाचपला तर वर्तुळ, त्यात क्रॉस आणि क्रॉसमध्ये अक्षरं लागली: ग्रिसवोल्डची खूण. स्टिकरवर पाच डॉलर लिहिलं होतं. तीनला द्याल का विचारलं. घरमालक आजोबा म्हणाले, घेऊन जा, आईचा होता, आता आमच्याकडे कोणी वापरत नाही.

ग्रिसवोल्ड म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्याच ईरी गावची बिडाची भांडी बनवणारी कंपनी. 1865 मध्ये सुरू झालेला तो कारखाना 1957 साली बंद झाला आणि नाव दुसऱ्यांकडे गेलं. म्हणून तळावर ‘ईरी, पीए.’ अशी अक्षरं आहेत का, हे जुन्या भांड्यांचे शौकीन आधी बघतात. माझ्या पॅनवर ती आहेत, शिवाय 8 हा आकार आणि 704 हा साच्याचा क्रमांक. हा 8 म्हणजे इंच नव्हेत. लाकूड-कोळशाच्या जुन्या शेगड्यांवर जी गोल तोंडं असायची, त्यांच्या मापावरून हे आकडे आले. पॅन वरून साधारण साडेदहा इंच भरतो.

मला मुळात हवा होता बिडाचा तवा. मी सावंतवाडीची. आमच्याकडे घावणं आणि आंबोळ्या बिडावरच होतात. इथे आल्यावर दुकानातून एक नवा बिडाचा पॅन घेतला होता, पण त्याचा पृष्ठभाग वाळूच्या साच्यातून निघाल्यासारखा दाणेदार. घावण त्याला धरायचंच. जुन्या ग्रिसवोल्डचा आतला भाग ओतल्यानंतर घासून गुळगुळीत केलेला असतो आणि भिंतीही पातळ असतात. माझा पॅन सव्वाचार पौंडांचा, म्हणजे दोन किलोला थोडा कमी. मनगटाला हा फरक लगेच कळतो.

विकत घेण्याआधी मी दोन गोष्टी तिथेच तपासल्या. लाकडी उलथन्यानं हलकेच ठोकून पाहिला. चीर नसलेलं बीड घंटेसारखं वाजतं, चीर गेलेलं बद्द बोलतं. मग टेबलाच्या काचेवर ठेवून कडेवर बोट दाबलं, डुगडुगतो का बघितलं. तळ फुगलेला पॅन काचेच्या टॉपवर, म्हणजे सपाट काचेच्या विजेच्या शेगडीवर, नुसता फिरत राहतो. त्याचा घावणाला काही उपयोग नाही, कारण पीठ कडेला पळतं.

तिसरी तपासणी घरी केली, आणि ती कुणीही वगळू नये असं मला मनापासून वाटतं. इकडे मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला काही लोक जुन्या बिडाच्या पॅनमध्ये शिसं वितळवत. ते घासून, जाळून जात नाही. मी आजोबांना विचारलं होतं, ते म्हणाले, यात फक्त कॉर्नब्रेड आणि बेकन झालंय. तरी हार्डवेअरच्या दुकानातून शिसं ओळखायच्या काड्या आणून चाचणी केली. रंग बदलला नाही. बदलला असता तर तीन डॉलर सोडून दिले असते. घरात लहान मूल असताना त्यात दुसरा विचार नाही.

साफसफाईला आठवडा गेला. कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लिनर फवारून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस गराजमध्ये ठेवला, हातमोजे घालून घासला आणि पुन्हा तेच केलं. थर निघाल्यावर गंजासाठी पाणी आणि व्हिनेगर निम्मं निम्मं, अर्धा तास, त्याहून जास्त नाही, नाहीतर व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. जाळात टाकून किंवा ओव्हनच्या सेल्फ-क्लीनवर (प्रचंड तापून आतली घाण जाळायच्या सोयीवर) थर उडवायचा सल्ला बरेच जण देतात. तसं करू नका. बीड वाकतं, तडकतं. शेवटी पॅन राखाडी, चांदीसारखा निघाला, आणि त्या दिवशी मी तो पंधरा मिनिटं नुसता हातात घेऊन बसले होते.

मग त्याला तेल पाजायचं. पहिल्यांदा मी जवसाचं तेल वापरलं, कारण सगळीकडे तेच सांगतात. दिसायला काळाभोर, आरशासारखा झाला. दोन महिन्यांनी आंबोळीवर काळे कण दिसायला लागले. थर पापुद्र्यासारखा सुटत होता. ऑगस्टमध्ये सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी साधं कनोला तेल. पॅन ओव्हनमध्ये कोमट करायचा, तेल लावायचं आणि मग ते लावलंच नव्हतं अशा बेतानं कोरड्या कापडानं पुसून काढायचं. मग पालथा घालून 450 फॅरनहाइटला एक तास. असं चार वेळा. तेल जाड राहिलं तर पॅन चिकट होतो. बारीक, अगदी बारीक थर तापून कडक होतो, तोच खरा लेप. खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतो.

त्यानंतर सप्टेंबर ते आजपर्यंत आठवड्यातून चार-पाच दिवस वापर आहे. घावणाला जाळी पडते, अगदी मधोमधसुद्धा. कडा आपोआप सुटतात, कालथा नुसता खाली सरकवायचा. तेल फिरवायला मी वांग्याचं देठ ठेवते, नसेल तर अर्धा कांदा काट्याला टोचून. तांदळाच्या पिठाचं घावण टाकण्याआधी पॅन मंद आचेवर सहा-सात मिनिटं तापू द्यावा लागतो. बीड उष्णता धरून ठेवतं पण पसरवायला वेळ घेतं. मोठ्या आचेवर घाई केली की मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं. आच बसली की मग पहिल्या घावणापासून दहाव्यापर्यंत सारखं येतं. थालीपीठ तर या पॅनमध्ये जितकं खमंग होतं तितकं माझ्या नॉनस्टिकवर कधीच झालं नाही. झाकण ठेवून शेवटी दोन मिनिटं तसंच सोडायचं, खालची बाजू खरपूस, वरची मऊ.

आता तोटे. पॅनला भिंत आहे, जवळजवळ दोन इंच. भाकरी टाकताना हात कडेला भाजतो आणि पाणी लावून उलटायला जागा मिळत नाही. भाकरीसाठी मी तो वापरणं सोडलं. मूठ आखूड आणि सगळी एकाच ओतकामातली, तीही तापते, कापडाशिवाय धरता येत नाही. टोमॅटो, चिंच, कोकम यांच्यापासून लांब ठेवावा लागतो. नोव्हेंबरमध्ये घाईत त्यात टोमॅटोची भाजी केली. भाजी काळवंडली, तोंडात लोखंडाची चव आली आणि मधला लेप फिका पडला. पुढचे पंधरा दिवस कांद्याची भजी तळून तो भरून आला.

साबण लावू नये हा समज मात्र मी सोडून दिला आहे. जुने साबण कॉस्टिकचे होते, ते लेप खायचे. आजच्या भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ स्पंज, लगेच पाणी. खरी काळजी नंतरची. पुसून दोन मिनिटं आचेवर कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं. एकदा सिंकमध्ये रात्रभर राहिला तर सकाळी कडेला तांबूस गंज आला होता.

घेणार असाल तर तळाकडे बघा. काही जुन्या पॅनना खाली कडेनं उंच कडी असते. गॅसवर चालते, काचेच्या टॉपवर पॅन त्या कडीवरच टेकतो आणि नीट तापत नाही. माझा सपाट तळाचा आहे आणि आमच्याकडे काचेचा टॉप, म्हणून जमलं. आणि नुसत्या नावावर जाऊ नका. नावाच्या नकलाही फिरतात, त्या आतून खरबरीत असतात. बोट फिरवलं की कळतं. त्यापेक्षा ओहायोतल्या सिडनी गावच्या वॅग्नर कंपनीचा जुना पॅन किंवा अगदी नाव नसलेला गुळगुळीत पॅन मिळाला तर तो घ्या.

ईरी इथून जेमतेम सव्वादोन तासांवर आहे. बर्फ वितळला की एप्रिलपासून पुन्हा खांबांवर गराज सेलच्या पुठ्ठ्याच्या पाट्या लागतील. या वेळी मी सपाट, भिंत नसलेला गोल ग्रिडल शोधणार आहे. भाकरीसाठी.