खरखरणारा बोल्ट: पेस्टने घासावा की हाताने चालवावा?

पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. त्यामुळे इथल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना हा नाद लागलाय, त्यांची पहिली रायफल बहुधा बोल्टवाली असते (दर गोळीला बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, हाताने मागे-पुढे करायचा), आणि तीही स्वस्तातली. बोल्ट मागे ओढला की जात्यात खडा आल्यासारखा आवाज! माझ्याकडे अशा दोन आल्या. एकीला पेस्ट (बारीक खरखरीत कणांची, घासून धातू गुळगुळीत करणारी) लावली, दुसरीला नुसता हात. (कंपन्यांची नावं घेत नाही, नेम दोघींचा चोख आहे.)

आधी खरखर नेमकी कुठे आहे ते बघा. मॅगझिन काढून बोल्ट चालवा. आवाज गेला तर फॉलोअर (मॅगझिनमधल्या गोळ्या वर ढकलणारी पट्टी) खालून घासतोय, बोल्ट बिचारा निर्दोष आहे. मग फायरिंग पिनची (गोळीच्या बुडावर आपटते ती) जोडणी काढून बोल्टची दांडी उचला. आता हलकी उचलली गेली, तर जडपणा स्प्रिंगचा आणि कॉकिंगच्या (दांडी उचलताना पिन मागे ताणणाऱ्या) उताराचा. त्यासाठी रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) घासून काही मिळणार नाही. दोन्ही काढूनही मागे-पुढे करताना खरखर उरली, तरच पेस्ट की हात हा प्रश्न.

बुलेट मोटरसायकलचे व्हॉल्व्ह ज्यांनी घरी घासून बसवलेत त्यांना पेस्टचं काम सांगायला नको. मी ६०० ग्रिटची (ग्रिट म्हणजे कणांची बारीकी) घेतली, ती फक्त बोल्ट सरकतो त्या खाचांना लावली. लगांच्या (बोल्ट बंद झाल्यावर त्याला अडकवून धरणाऱ्या कानांच्या) मागच्या बाजूला मुद्दाम लावली नाही, कारण तिथलं लोखंड गेलं की हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे गोळीला मिळणारी जागा, वाढतो. जुनी माउझर ९८ (जर्मन लष्करी रायफल) असेल तर पेस्टचा विचारच नको, असं माझं मत. तिच्या रिसीव्हरची कडक असते ती वरची साल. ती घासली गेली तर लग आत रुतत जातात. बाकी पेस्ट काम झटपट करते, हे मान्य करायला हवं. एका संध्याकाळीत फरक हाताला कळला.

पण ती निघत नाही हो! लग बसतात ती पोकळी आत, अंधारात, काटकोनात वळलेली. कापसाच्या काड्या झाल्या, ब्रेक क्लीनर झाला, दातांचा जुना ब्रश झाला. तीनदा धुतली. नोव्हेंबरात हंगामाआधी पांढऱ्या फडक्याने बोल्ट पुसला, तर करडा पट्टा. परत धुतली. डिसेंबरात पुन्हा तोच पट्टा. मी घासणं कधीच थांबवलं होतं, पण ती आतल्या आत घासतच होती. किती घासलं गेलं कुणास ठाऊक. याच एका गोष्टीने माझं मन उडालं.

दुसरीला नखाला लागेल तिथली बारीक धार तेवढी दगडाने मोडली, तेल दिलं, आणि भारताच्या कसोट्या बघत बोल्ट चालवत बसलो. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. दोनेकशे फेऱ्यांनी काळं तेल पुसायचं, नवं द्यायचं. हजारेक फेऱ्यांना तीन आठवडे लागले आणि 'ते खटक-खटक बंद करा' हे रोज ऐकावं लागलं. स्टेनलेस असेल तर मात्र कोरडी चालवू नका; स्टेनलेसवर स्टेनलेस चिकटून ओरबाडतं.

सावकाश ओढली तर पेस्टवाली आजही किंचित सरस वाटते. खांद्याला लावून दुसरी गोळी भरताना मात्र मला दोघींत फरक कळत नाही. मोजमाप केलेलं नाही, हाताचा अंदाज सांगतोय. त्यातही निम्मी खरखर माझ्याच हाताची होती: दांडी तिरकी ओढली की बोल्ट अडतो, सरळ मागे घेतली की नाही. इथले जुने शिकारी गुळगुळीतपणाला अजून क्रॅगची उपमा देतात. अमेरिकन सैन्याने १८९२ मध्ये घेतलेली ती रायफल; पुढे लग एकच. म्हणजे गुळगुळीत असणं वेगळं आणि भक्कम असणं वेगळं.

गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) देणं सगळ्यात बिनघोर, पण हंगामाच्या तोंडावर त्याच्याकडे रांग असते. हाताशी तीन आठवडे असतील तर मी हातानेच करेन. तुमची घाई असेल तर पेस्टही वाईट नाही, फक्त धुण्याची तयारी ठेवा. माझा उरलेला डबा गॅरेजात पडून आहे, लॉनमोअरच्या व्हॉल्व्हसाठी.