शेवटची ओव्हर की शेवटची लोकल: ठाणेकरासाठी वानखेडे आणि नेरुळ

ठाण्याच्या कोपरीत राहणारा माझा एक सहकारी मुलाला पहिल्यांदा मैदानात मॅच दाखवायला निघाला आहे. मुलगा नऊ वर्षांचा. त्याने विचारलं, चर्चगेटजवळचं वानखेडे की नवी मुंबईत नेरुळला असलेलं डी. वाय. पाटील? जेवणाच्या सुट्टीत मी त्याला अर्धवट उत्तर दिलं. हे त्याचंच पुरं उत्तर. दोन्ही मैदानांवर मी लेकीला घेऊन गेलोय, वडिलांना घेऊन गेलोय, एकटाही गेलोय. कुठल्या मैदानात किती माणसं मावतात आणि पीच कसं खेळतं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यात शिरत नाही.

वानखेडेबद्दल आधी बोलतो, कारण मन तिथेच जातं. आमच्या घरात वानखेडे म्हणजे १९८७. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला बाबा तिथे होते. इंग्लंडच्या गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या, आपण ३५ धावांनी हरलो आणि गावसकर ४ वर बोल्ड झाला. ती त्याची शेवटची आंतरराष्ट्रीय खेळी ठरली. बाबा ही मॅच आजही बॉल टू बॉल सांगतात. मला मात्र त्यातलं एक वाक्य फार उशिरा कळलं. ते म्हणतात, "हरलो, आणि सातच्या आत घरी येऊन गप्प जेवलो." त्या वेळी वानखेडेवर दिवेच नव्हते. दिव्यांखालची पहिली मॅच तिथे १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये झाली, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तोवर मॅच बघणं आणि घरी पोचणं हे दोन वेगळे प्रश्न नव्हते.

मैदान म्हणून वानखेडेला तोड नाही, हे मी मनापासून म्हणतो. स्टँड इतके अंगावर आलेले की बाउंड्रीवरच्या फील्डरने मागे वळून हसलेलं दिसतं. आवाज बाहेर जात नाही, आतल्या आत घुमतो. चर्चगेटला उतरलं की झेंडे, टोप्या, गालावर तिरंगा रंगवून देणारी मुलं, आणि त्या गर्दीतच पावलं वेगाने पडायला लागतात. २ एप्रिल २०११ ला धोनीने कुलशेखराला सिक्स मारला तो ह्याच मैदानात, कोहलीचं पन्नासावं वनडे शतक ह्याच मैदानात, आणि सचिन शेवटचा पीचला नमस्कार करून परतला तोही ह्याच मैदानात. हे सगळं तुमच्या मुलाला तिथे बसून सांगता येतं. नेरुळला हे सांगता येत नाही.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वीची आयपीएलची रात्रीची मॅच, लेक आठ वर्षांची. साडेसातला सुरू झालेली मॅच अकरा वाजले तरी रंगातच होती. सतरावी ओव्हर संपली आणि मी घड्याळ बघितलं. डोक्यात नेहमीचा हिशोब चालू होता: सगळे एकदम उठले की गेटमधून बाहेर यायलाच वीस मिनिटं, मग चर्चगेटहून दादर, दादरला पूल चढून सेंट्रलच्या बाजूला, तिथून ठाणे. रात्री अकरानंतर दोन गाड्यांमधलं अंतर वाढत जातं. बरोबर पेंगुळलेलं मूल, दुसऱ्या दिवशी शाळा. मी म्हटलं, चल. ती काही बोलली नाही, पायऱ्या चढताना मात्र तीनदा मागे वळून बघितलं.

आम्ही चर्चगेटच्या जवळ पोचत होतो आणि मागून तो आवाज आला. ज्याने तो बाहेरून ऐकलाय त्यालाच कळेल. आधी एक क्षण सगळं शांत, आणि मग पाठीवर थाप पडावी तसा आवाज. लेक जागीच थांबली. म्हणाली, "बाबा, सिक्स गेला की विकेट पडली?"

मला सांगता येईना. गर्दीत फोनला नेटवर्क नव्हतं. आवाजावरून ओळखता येत नाही. आपल्या बाजूने काहीतरी झालं, एवढंच कळतं. दादरच्या पुलावर एका मुलाच्या मोबाइलवर निकाल दिसला. आम्ही जिंकलो होतो. लेक "हो का" म्हणाली आणि गाडीत खिडकीला डोकं टेकवून झोपली.

ह्यात ना मैदानाचा दोष, ना रेल्वेचा. आपलं घर चाळीसएक किलोमीटरवर आहे, एवढाच प्रश्न आहे. पण त्या रात्रीनंतर मैदान निवडताना मी आधी एकच विचारतो: शेवटचा बॉल बसून बघता येईल का? जो बाप सतराव्या ओव्हरला घड्याळ बघायला लागतो, त्याची मॅच तिथेच संपलेली असते. शेजारी बसलेल्या पोरालाही ते कळतं.

हाच प्रश्न घेऊन नेरुळला चला. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल किंवा नेरुळ गाडी पकडायची, बसायला जागा बहुतेक मिळते आणि मध्ये कुठे गाडी बदलावी लागत नाही. नेरुळ स्टेशनवरून वीसेक मिनिटं चालायचं. मूल बरोबर असेल तर रिक्षा करा. पण परतताना रिक्षाच्या भरवशावर राहू नका, चालायची तयारी ठेवा. एक सावधगिरीची गोष्ट. रात्री उशिरा नेरुळहून ठाण्याच्या गाड्या मोजक्याच असतात. वेळापत्रक आधी बघून ठेवा, आणि रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद, आहे का तेही बघा. गाडी हुकलीच तरी ठाणे-बेलापूर रोडने घर वीस-बावीस किलोमीटरवर आहे. मध्यरात्री टॅक्सीचं भाडं खिशाला परवडतं. चर्चगेटहून तसं म्हणवत नाही.

नेरुळच्या उणिवाही सांगतो. मैदान प्रशस्त आहे, वरचा मजला खरोखर उंच आहे आणि तिथून बॉल खूप लहान दिसतो. आवाज वानखेडेसारखा छातीत घुमत नाही, वर पसरून जातो. मैदान २००८ चं, पहिली आयपीएल फायनल तिथेच झाली, पण वानखेडेच्या स्टँडना जशी नावं चिकटली आहेत तशी इथल्या खुर्च्यांना आठवणींची जोड अजून लागायची आहे. बाहेर हायवे आहे, मरीन ड्राइव्ह नाही. मॅच सुटल्यावर गाड्यांची कोंडी होते, म्हणून चारचाकी नेऊच नये, असं माझं मत.

जमेची बाजू मोठी आहे. वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेलं छत खांबांशिवाय पुढे झेपावतं, त्यामुळे कुठेही बसा, पीच आणि डोळे ह्यांच्यामध्ये काही येत नाही. लहान मुलासाठी हे फार महत्त्वाचं. खांबाआड सीट मिळाली तर मोठा माणूस मान वाकवून बघेल, मूल रुसून बसेल.

आणि २ नोव्हेंबर २०२५. महिला वर्ल्ड कपची फायनल, भारत आणि दक्षिण आफ्रिका. लेकीने तिकिटासाठी किती दिवस मागे लागावं! दोघं ठाण्याहून स्कूटरने निघालो. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली आणि तेवढा वेळ आम्ही छताखाली कोरडे बसून पाऊस बघत होतो. शफालीच्या ८७, दीप्तीच्या ५८, आपल्या २९८. मग त्यांची कॅप्टन वोल्वार्ट शतक करून उभी राहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. दीप्तीच्या बॉलवर तिचा झेल अमनजोतने घेतला, तोही हातातून निसटत निसटत. सगळे उभे राहिले.

घड्याळ मध्यरात्रीकडे सरकत होतं आणि मी ते एकदाही बघितलं नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा शेवटची विकेट बाकी होती. डी क्लर्कने मारलेला बॉल वर उडाला, हरमनप्रीत मागे धावत गेली आणि तिने झेलला. लेक माझ्या हाताला लटकून ओरडत होती. दीप्तीच्या पाच विकेट, ५२ धावांनी विजय, आपला पहिला महिला वर्ल्ड कप, आणि शेवटचा बॉल आम्ही बघितला. नंतर फटाके बघितले, कप उचललेला बघितला, आणि मगच उठलो. घणसोलीच्या सिग्नलला अनोळखी लोक हॉर्न वाजवून एकमेकांना हात करत होते. विटाव्याच्या पुलाखालून बाहेर पडलो तेव्हा मागे लेक अजून जागी होती आणि झेल कसा घेतला ते सांगत होती.

स्कूटर नेणाऱ्यांना एक सूचना: हेल्मेट मैदानात नेता येत नाहीत. एक डिकीत, दुसरं साखळीने कुलूपबंद, अशी सोय आधीच करून ठेवा.

तरी मी वानखेडे सोडलं असं समजू नका. तिथे काय बघायचं, ते बदललं. डिसेंबर २०२३ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया महिला टेस्टच्या शेवटच्या दिवशी बाबांना घेऊन गेलो. आपण आठ विकेटनी जिंकलो, ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पहिला टेस्ट विजय, आणि चहाला आम्ही घरी होतो. बाबा म्हणाले, हे पूर्वीसारखं झालं. लाल बॉलचं क्रिकेट वानखेडेवर दिवसाउजेडी बघावं, त्याच्यासारखं सुख नाही. रणजीला सहसा तिकीटही नसतं. ठाण्यात आपलं दादोजी कोंडदेव स्टेडियम आहेच, १९८२ पासूनचं. तिथे रणजीचा सामना असला तर मुलाला शाळेतून आणून तडक तिथे न्यावं आणि बॅटचा आवाज जवळून ऐकवावा. चर्चगेटजवळचंच ब्रेबॉर्न स्टेडियम फार देखणं आहे, पण तिथे मोठ्या मॅचेस क्वचितच होतात, त्यामुळे निवडीत धरत नाही.

थोडक्यात, रात्रीची मॅच असेल, बरोबर मूल असेल आणि घर ठाण्यात असेल तर मी नेरुळ म्हणेन. तुम्ही दादरला राहत असाल किंवा एकटेच जाणार असाल तर गणित वेगळं, तेव्हा वानखेडे सोडू नका.

माझ्या सहकाऱ्याची अडचण अशी की पोराला मुंबई इंडियन्सच बघायची आहे, आणि ती वानखेडेवर खेळते. त्याला मी सांगितलं, शनिवार-रविवारी दोन मॅचेस असतात तेव्हाची दुपारी साडेतीनची बघ. ऊन लागेल, टोपी घाल, पाणी पाजत राहा, पण साडेसातच्या सुमाराला मॅच संपेल आणि नऊपर्यंत घरी याल. तशा मॅचच्या तिकिटांवर मीही डोळा ठेवून आहे. लेकीने वानखेडेवरचा शेवटचा बॉल अजून बघितलेला नाही.