ओकिनावा, निकोया की लोमा लिंडा? सोलापूरकराने कुणाचं काय घ्यावं

चाळिशी ओलांडली, साखरेचा रिपोर्ट काठावर आला, की माणूस शोधायला लागतो : शंभरी गाठणारे लोक खातात तरी काय? उत्तरात ठरलेली पाच नावं येतात. जपानचं ओकिनावा, इटलीचं सार्डिनिया, ग्रीसचं इकारिया, कोस्टारिकाचं निकोया आणि कॅलिफोर्नियातलं लोमा लिंडा. सगळंच उचलायला गेलं तर आठवडाभरही टिकत नाही. म्हणून सोलापुरात राहून यातलं नेमकं काय जमेल, एवढंच इथे तोलून बघितलंय.

ताट बघितलं तर निकोया आपल्या सगळ्यात जवळचं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, दळायचा, थापून भाजायचा आणि काळ्या घेवड्याबरोबर खायचा, हे तिथलं रोजचं जेवण. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, कॅल्शियमही मिळतं. धान्यात लायसिन हा प्रथिनाचा घटक कमी असतो, ती उणीव कडधान्य भरून काढतं. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ एकत्र खाताना आपण हेच करतो. मंगळवेढ्याची मालदांडी हाताशी असताना ओट्सच्या पाकिटावर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फरक आहे तो राबण्यात. निकोयाचा म्हातारा शेतात खपतो. आपण कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढतो. आणि तिथेही १९३० नंतर जन्मलेल्यांमध्ये ते जास्तीचं आयुष्य उरलेलं दिसत नाही.

ओकिनावाची तर याहून मोठी पडझड झाली. १९४९ च्या सुमारास तिथल्या आहारातले जवळपास दोन तृतीयांश उष्मांक रताळ्यातून यायचे. पुढे अमेरिकी तळांबरोबर डबाबंद मांस आणि बर्गर आले, आणि २००० साली जपानच्या ४७ प्रांतांत ओकिनावाचे पुरुष आयुर्मानात २६ व्या क्रमांकावर घसरले. त्यामुळे 'जपानी डाएट' म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. घ्यायच्या त्या दोन गोष्टी. पहिली, पोट ऐंशी टक्के भरलं की थांबणं. तिथले वडीलधारे जेवायला बसताना हे मोठ्याने म्हणतात. आपल्याकडे आग्रह करून वाढणं ही माया, त्यामुळे हे अवघड जाणार. पण साखर असणाऱ्याला यापेक्षा स्वस्त उपाय नाही. दुसरी गोष्ट 'मोआई'. ठरावीक मंडळी वर्षानुवर्षं भेटतात, पैसे जमवतात, ज्याला गरज त्याला देतात. म्हणजे आपली भिशीच. फक्त तिथे कुणी आजारी पडलं किंवा एकटं पडलं, तर बाकीचे दारात उभे राहतात. निवृत्त होऊन घरात बसलेल्या माणसाला औषधाइतकीच याची गरज असते.

माझा सगळ्यात जास्त विश्वास मात्र लोमा लिंडावर. ना डोंगर, ना बेट. मोटारींच्या गर्दीतलं साधं शहर. तिथल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा अभ्यास अनेक दशकं चालू आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, कॅलिफोर्नियातल्या इतर गोऱ्या रहिवाशांपेक्षा त्यांचे पुरुष सुमारे ७ वर्षं आणि बायका सुमारे साडेचार वर्षं जास्त जगतात. इतर काही ठिकाणी शंभरीच्या जन्मनोंदींवर शंका घेतली गेली आहे. ओकिनावाच्या कित्येक नोंदी १९४५ च्या युद्धात नष्ट झाल्या. लोमा लिंडाचा निष्कर्ष शंभरीच्या दाखल्यांवर उभा नाही.

हे लोक दारू-तंबाखूला शिवत नाहीत, बरेच जण शाकाहारी आहेत आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम बंद ठेवतात. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात, आठवड्यातून पाच वेळा किंवा जास्त दाणे-सुकामेवा खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका क्वचित खाणाऱ्यांच्या निम्म्यावर होता. त्यात शेंगदाणेही होते! उखळात लसूण आणि तिखट घालून, तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी खाणाऱ्या गावाला यापेक्षा आनंदाची बातमी नाही. बीपी असेल तर घरी कुटा आणि मीठ निम्मं घाला.

सार्डिनियाचे मेंढपाळ चढउतारावर आयुष्य काढतात. सपाट सोलापुरात ते कुठून आणणार? आणि तिथल्या रेड वाइनच्या नावाखाली कुणी ग्लास सुरू करू नये. इकारियाची दुपारची वामकुक्षी मात्र आपल्या उन्हाळ्याला चपखल बसते. ज्यांना शक्य आहे त्यांनी खुशाल पडावं.

मावा किंवा तंबाखू चालू असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी लोमा लिंडा. तोंडाच्या कॅन्सरची किती घरं आपण बघतो! ते व्यसन नसेल आणि साखर किंवा पोट वाढलं असेल तर ओकिनावाची ऐंशी टक्क्यांची मर्यादा, तीही रात्रीच्या जेवणापासून. भाकरी सोडायची नाही, तिसरी घ्यायची नाही. चालायला सिद्धेश्वर तलावाचा परिसर किंवा कंबर तलाव, पण एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरी परत. आणि एकट्याने जाऊ नका, भिशीतल्या दोघांना बरोबर घ्या.